सोनेरी शिक्क्याचं कपाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई लिहितात, की नव्या बालपुस्तकांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते. चार वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने ठरवलं, यापुढे पुरस्कारप्राप्त पुस्तकंच घ्यायची. म्हणजे निवडीवर कोणी बोट ठेवणार नाही आणि मुलांवर चांगले संस्कारही होतील. त्यासाठी वेगळं कपाट केलं, त्यावर तशी पाटी लावली. पस्तीस पुस्तकं जमली. त्यांतली अकरा एकदाही बाहेर गेलेली नाहीत, असं देवघेवीची वही सांगते. मुलं शेजारच्या मांडणीतली, पानं सुटत आलेली विनोदी मालिकांची पुस्तकंच पुन्हा पुन्हा नेतात. एका मुलीने या कपाटातलं एकच पुस्तक तीनदा नेलं, तेवढाच अपवाद. आता यंदाची यादी द्यायची आहे. मुलांची आवडच उथळ झाली आहे का? की पुरस्कार देणाऱ्यांना मुलं कळतच नाहीत? पुस्तकांवरचे शिक्के खरडून काढावेत आणि कपाटच मोडावं, असंही त्यांना कधीकधी वाटतं.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही 'तेवढाच अपवाद' म्हणून एका ओळीत उडवून लावलीत. त्या मुलीकडे मी शेवटी येणार आहे. तोवर वही मिटू नका.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्हींत कुणीतरी एक गुन्हेगार आहे, असं गृहीत धरलंय. एक तर मुलं, नाही तर परीक्षक. मला वाटतं, दोघंही निर्दोष आहेत. घोटाळा त्या पाटीत आहे. 'पुरस्कारप्राप्त' या एका शब्दाखाली तुमच्या कपाटात निदान चार-पाच वेगवेगळ्या जातींची पुस्तकं दाटीवाटीने बसली असणार. पुरस्कार म्हणजे कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न काय होता, कुणी विचारला होता आणि उत्तरं कुठल्या ढिगातून शोधली होती, हे शिक्क्यावर लिहायला जागा नसते.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त मिरवला जाणारा शिक्का घेऊ, अमेरिकेतल्या न्यूबेरी पदकाचा. 1922 पासून तिथली ग्रंथपालांची संघटना ते देते. नाव आहे अठराव्या शतकातल्या जॉन न्यूबेरी या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याचं. आता त्याच्या अटी बघा. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा. पुस्तक आदल्या वर्षात तिथे निघालेलं हवं. आणि 'मुलं' म्हणजे चौदा वर्षांपर्यंतची सगळी. म्हणजे 'जगातलं सर्वोत्तम बालपुस्तक' असा याचा अर्थ मुळीच नाही. एका देशातल्या एका वर्षाच्या पिकातलं निवडलेलं एक, एवढाच आहे. शिवाय ते सात वर्षांच्या मुलासाठी असेल किंवा तेरा वर्षांच्या मुलीसाठी, शिक्का तोच. तुमच्या त्या अकरा पुस्तकांतली किती पुस्तकं फक्त चुकीच्या वयाच्या हातांसमोर ठेवली गेली, हे एकदा तपासाच. निम्मी निघाली तरी मला नवल वाटणार नाही.

याच पदकाच्या निकषांत एक वाक्य आहे, ते तुमच्या व्यवस्थापनाला वाचून दाखवण्यासारखं आहे. त्याचा आशय असा: हा पुरस्कार उपदेशपर मजकुरासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. दोन्ही बाजूंना एकाच वाक्यात चपराक! व्यवस्थापनाला वाटतं, पदक म्हणजे संस्काराची हमी. परीक्षकांना तर संस्कार मोजायचेच नसतात. तुम्हाला वाटतं, पदक मिळालं म्हणजे मुलांच्या उड्या पडायला हव्यात. परीक्षकांना तेही मोजू नका म्हणून सांगितलेलं असतं. ते बघतात भाषा, रचना, पात्रं, मांडणी, आणि ही सगळी मुलांच्या समजेचा मान राखते का ते. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते बसलेच नव्हते, त्यात ते नापास झाले असं कसं म्हणायचं?

निवड होते कशी, तेही सांगते. न्यूबेरीच्या समितीत पंधरा जण असतात. वर्षभर वाचन, मग बंद दाराआड चर्चा, मग मतदान. प्रत्येकाने तीन पुस्तकं क्रमाने लिहायची. पहिल्या पसंतीला चार गुण, दुसरीला तीन, तिसरीला दोन. निदान आठ जणांची पहिली पसंती आणि पुढच्या पुस्तकावर निदान आठ गुणांची आघाडी, या दोन्ही गोष्टी जमल्याशिवाय निकाल लागत नाही. नाही जमलं तर पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. पद्धत काटेकोर आहे, मला ती आवडते. पण टेबलाभोवती बसलेले सगळे मोठेच असतात, आणि एकमत घडवून आणायचं असतं.

मी स्वतः एकदा अशा समितीवर होते. पंधरा नव्हे, तिघांच्याच, छोट्याशा. घरी पुस्तकांची दोन खोकी आली. दोन महिने मी त्यांतच होते. शेवटच्या बैठकीत असं झालं, की एकाला जे पुस्तक जिवापाड आवडलं होतं, ते दुसरीच्या डोक्यात जात होतं. तासभर वाद झाला, चहा थंड झाला. निवडलं गेलं ते तिघांच्याही यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेलं पुस्तक, कारण त्याच्यावर कुणाचाच राग नव्हता. मी ते कौतुकाने माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला दिलं. तिने अकराव्या पानावर खूण म्हणून केसांची पिन लावली. पुढे कधीतरी पुस्तक माझ्याकडे परत आलं, तेव्हा पिन अकराव्या पानावरच होती. आता गंमत अशी, की ते पुस्तक वाईट नव्हतं. परत बसवलं तर मी परत त्यालाच मत देईन. आणि भाचीही बरोबर होती.

1997 साली हेच ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे स्मार्टीज नावाचा एक बालपुस्तक पुरस्कार होता (आता तो बंद झाला). त्यात मोठी माणसं प्रत्येक वयोगटात मोजकी पुस्तकं निवडायची आणि त्यांतला क्रम मुलं मतांनी ठरवायची. त्या वर्षी नऊ ते अकरा वयोगटात मुलांनी सुवर्ण दिलं हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला. तेव्हा ते नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. ग्रंथपाल ठरवतात ते त्या वर्षीचं कार्नेगी पदक मात्र टिम बाउलर यांच्या 'रिव्हर बॉय'ला गेलं. मग मुलं जिंकली आणि ग्रंथपाल हरले का? मला नाही तसं वाटत. 'रिव्हर बॉय'मध्ये एक मुलगी आहे आणि मरणाच्या दारात असलेले तिचे आजोबा आहेत. असं पुस्तक मधल्या सुट्टीत एकमेकांच्या हातून खेचून घेतलं जात नाही. ते ज्याला हवं असतं, त्याला एकट्याने हवं असतं. ते छापलं जावं, टिकावं, कपाटात असावं, यासाठी कुणीतरी मोठ्याने त्याची बाजू घ्यावी लागते. जत्थ्याने वाचलं जाणारं पुस्तक शिक्क्याशिवायही जगतं.

अर्थात मोठ्यांचे नेम चुकतातही. 'शार्लट्स वेब' ही डुकराच्या पिल्लाची आणि आठपायी कोळिणीची गोष्ट आज साऱ्या जगातली मुलं वाचतात. 1953 मध्ये तिला न्यूबेरीचं मुख्य पदक मिळालं नाही, सन्मानयादीवर भागलं. पदक मिळालेलं 'सीक्रेट ऑफ द अँडीज' आज किती जणांना आठवतं? उलटंही होतं. 1923 साली हेच पदक प्राण्यांशी बोलणाऱ्या डॉक्टर डूलिटलच्या एका पुस्तकाला मिळालं होतं. त्यातली काळ्या माणसांची चित्रणं पुढे इतकी खटकली, की नंतरच्या आवृत्तीत ती बदलावी लागली. तेव्हा शिक्का जितका जुना, तितकं पुस्तक आधी स्वतः वाचणं गरजेचं. आणि खरेदीच्या दृष्टीने तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सन्मानयाद्या आणि अंतिम याद्या. परीक्षकांचे वाद तिथे जपून ठेवलेले असतात. माझ्या टेबलावर वादात हरलेली दोन्ही पुस्तकं विजेत्यापेक्षा जिवंत होती. विजेतं एक घेण्याऐवजी त्याच्या मागची तीन-चार घ्या, असं मी बिनदिक्कत सांगेन.

व्यवस्थापनाशी बोलताना याचा उपयोगही होईल. 'पुरस्कार नको' म्हणालात तर ते बिथरतील. त्यांनी हा नियम केला तो निवडीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून, आणि त्यांची ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून नियम मोडायला सांगू नका, रुंद करायला सांगा. 'पुरस्कारप्राप्त' ऐवजी 'पुरस्कारप्राप्त किंवा पुरस्कारांच्या अंतिम यादीतली' असा एक शब्दप्रयोग मंजूर करून घ्या. निवडीला दसपट वाव मिळेल. आणि रकमेचा काही हिस्सा मुलांच्या मागणीसाठी राखून ठेवायला सांगा. वहीतले आकडे सोबत न्या. तक्रार म्हणून नको, हिशेब म्हणून.

आता कपाटातली पुस्तकं एकेक करून हातात घ्या आणि शिक्का नीट वाचा. काही शिक्के मुळात पुस्तकाचे नसतातच. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळ (आयबीबीवाय) दर दोन वर्षांनी देतं. 1956 पासून लेखकाला, 1966 पासून चित्रकारालाही. तो मिळतो आयुष्यभराच्या कामासाठी. 'अँडरसन पुरस्कार विजेत्या लेखकाचे' असं मुखपृष्ठावर असेल, तर तुमच्या हातातलं पुस्तक त्या माणसाचं सगळ्यात फिकं पुस्तकही असू शकतं! कॅल्डेकॉट पदक चित्रांसाठी आहे, 1938 पासून. ते पुस्तक 'मजकूर किती थोडा आहे' म्हणून बाजूला सारणारे शिक्षक मी पाहिलेत, आणि त्याचं परीक्षेला प्रश्न काढावेत तसं वाचन घेणारेही. ते चित्र बघत, पान उलटायची वाट बघत वाचायचं असतं. आपल्याकडचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे. तो चोवीस भाषांत, प्रत्येक भाषेला स्वतंत्र दिला जातो. म्हणजे त्या भाषेतल्या पुस्तकांची तुलना त्याच भाषेतल्या पुस्तकांशी. प्रत्येक शिक्क्याचं परिमाण वेगळं. तुम्ही मात्र किलो, लिटर आणि मीटर एकाच फळीवर मांडलेत.

अनुवादाचा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण कपाटात नक्की असणार. बक्षीस मिळालं मूळ भाषेतल्या वाक्यांना. आपल्या हातात येतात दुसऱ्या कुणाची तरी वाक्यं. ती चांगली असतील तर प्रश्नच नाही. पण 'तिने आपले खांदे उडवले आणि एक सुस्कारा बाहेर सोडला' अशा चालीने दोनशे पानं जात असतील, तर मूल पुस्तकाला नव्हे, त्या चालीला कंटाळतं, आणि खापर फुटतं बिचाऱ्या मूळ लेखकावर. अमेरिकेत 1968 पासून बॅचेल्डर पुरस्कार आहे तो अनुवादित बालपुस्तकाच्या प्रकाशकाला दिला जातो, कारण असं पुस्तक धडपणे आणणं हेच एक स्वतंत्र काम आहे. तुमच्यासाठी कसोटी सोपी आहे: विकत घेण्याआधी कुठलंही मधलं पान मोठ्याने वाचा. जीभ तीनदा अडखळली तर ठेवून द्या, शिक्का कितीही चकाकत असला तरी.

मग जी चांगली आहेत पण पडून आहेत, त्यांचं काय? आधी ती पाटी काढा. माझं यात ठाम मत आहे. 'पुरस्कारप्राप्त' हा शब्द मुलांच्या कानाला 'पौष्टिक' सारखा ऐकू येतो. ती पस्तीस पुस्तकं विनोदी मालिकांच्या शेजारी, त्यांच्या अधेमधे, खांद्याला खांदा लावून ठेवा. पुस्तकाच्या कण्यावरून कुणाला काही कळत नाही. चारदोन तरी मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवा. आणि विनोदी मालिकांबद्दल तुमच्या मनात जी किंचित शरम आहे, ती सोडून द्या. पानं सुटेपर्यंत वाचलं गेलेलं पुस्तक ही ग्रंथालयाची नामुष्की नसते. ती दोन प्रती घ्यायची खूण असते. वाचनाचा दम त्याच पुस्तकांवर वाढतो.

दुसरं म्हणजे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं वाचून दाखवा. पूर्ण पुस्तक नाही, पहिलं प्रकरण, आणि तेही मोक्याच्या जागी थांबवून. साहित्यगुणांसाठी निवडलेली पुस्तकं बरेचदा पहिल्या वीस पानांत चढण असलेली असतात. परीक्षक ती चढतात, कारण त्यांना चढावीच लागते. मुलाला ती सक्ती नसते, नसावीही. तेवढी चढण तुम्ही तुमच्या आवाजाने पार करून द्यायची आणि पठारावर पोचलं की पुस्तक बंद करून टेबलावर ठेवायचं. पुढे काही बोलू नका. 'कोणाला हवं आहे?' असंही विचारू नका.

तिसरं, आणि मला यात सगळ्यात जास्त मजा दिसते: स्वतःचा पुरस्कार सुरू करा. ब्रिटनमध्ये कार्नेगीची अंतिम यादी आली की शाळाशाळांतले गट तीच पुस्तकं समांतर वाचतात, परीक्षकांच्याच निकषांवर भांडतात आणि आपला वेगळा विजेता ठरवतात. जर्मनीच्या बालसाहित्य पुरस्कारात तर 2003 पासून तरुण वाचकांची स्वतंत्र समितीच आहे. तुम्हाला स्मार्टीजची जुनी रीत उसनी घेता येईल. तुम्ही पाच पुस्तकं निवडा: दोन शिक्क्याची, दोन मालिकांतली, एक कुणालाच माहीत नसलेलं. दहा-बारा मुलांची समिती करा, पाचही वाचल्याशिवाय मत नाही असा एकच नियम. चर्चेत 'आवडलं', 'बोअर आहे' एवढ्यावर सोडू नका. कुठलं पान, ते उघडून दाखवायला लावा. चार-तीन-दोन गुणांची मोजणी मुलांना फार आवडते, त्यात थोडं निवडणुकीचं नाट्य असतं. आणि कार्नेगीचा एक दाखला त्यांना जरूर सांगा: 1943, 1945 आणि 1966 या वर्षांसाठी पदक कुणालाच दिलं नाही, लायक पुस्तक सापडलं नाही म्हणून. 'कुणालाच नाही' हाही निकाल असू शकतो हे कळलं, की मुलं एकदम गंभीर होतात.

एवढं करूनही काही पुस्तकं पडून राहतील. राहू द्या. चार वर्षांत अकरा पुस्तकं अस्पर्श हा आकडा माझ्या मते भयंकर नाही. त्यांतली चुकीच्या वयाची आणि वाईट अनुवादाची दुसऱ्या ठिकाणी द्या, उरलेली ठेवा. देवघेवीची वही पुस्तकं मोजते, आणि तिच्या लेखी तीन मुलींनी एकेकदा नेलेलं पुस्तक आणि एका मुलीने तीनदा नेलेलं पुस्तक यांत फरक नसतो. तुम्हाला तो दिसला, म्हणून तर तुम्ही पत्रात लिहिलात.

त्या मुलीला 'तुला हे का आवडतं' असं विचारू नका. असं विचारलं की मुलं शाळेतलं उत्तर देतात. चौथ्यांदा ते पुस्तक न्यायला आली, तर तिलाच विचारा की यासारखं आणखी एखादं मागवायचं असेल तर मी काय शोधू. ती जे सांगेल ते लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत, यंदाच्या यादीच्या वर. 'ज्यात कुणी फार बोलत नाही असं' म्हणेल, 'ज्यात समुद्र आहे असं' म्हणेल. पंधरा परीक्षकांच्या प्रशस्तिपत्रापेक्षा खरेदीसाठी हे जास्त कामाचं आहे. जाता जाता एक: स्वीडन सरकारने 2002 मध्ये तिथल्या बाललेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुरस्कार लेखक-चित्रकारांइतकाच मुलांपर्यंत पुस्तकं पोचवणाऱ्यांनाही दिला जातो. 2015 साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या प्राएसा या वाचनप्रसाराचं काम करणाऱ्या संस्थेला मिळाला. वहीतली नावं लक्षात ठेवणं हे त्याच जातीचं काम आहे.

राहिले शिक्के. खरडू नका. बरेचसे मुखपृष्ठावर छापलेलेच असतात; खरडलंत तर भोक पडेल. त्याऐवजी, न गेलेल्या अकरांतली चांगली पाच-सहा घेऊन साध्या खाकी कागदात गुंडाळा, नाव, लेखक, पदक सगळं आत. वर मोठ्या अक्षरांत फक्त त्या पुस्तकातलं पहिलं वाक्य लिहा, आणि खाली वय. मग दाराजवळच्या टेबलावर ठेवून द्या आणि आठवडाभर त्या टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही. कुठल्या वाक्याचा कागद आधी फाटला, ते मला नक्की कळवा.